मोहाखालचे ठिपके

मी विमानाच्या कंपनीत आहे, एवढंच माझ्या सासूबाईंनी सगळीकडे सांगून ठेवलं होतं. त्यामुळे बडोद्यात, आमच्या सुभानपुऱ्यातल्या निम्म्या बायका मला हवाईसुंदरी समजत, आणि उरलेल्या निम्म्या, मला एकदा नीट न्याहाळून, तिकीटखिडकीवरची समजत. खरं सांगायचं तर कामाच्या विमानात मी एकदाच बसले. त्या फेरीत माझी जी अवस्था झाली ती पाहून आमचे पायलट कॅप्टन बोमी म्हणाले, "बेन, तमे नीचे ज सारां लागो छो." तुम्ही खालीच बऱ्या दिसता. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी खालीच राहिले. हरणीला, विमानतळापासून जवळच, पडदे ओढलेल्या एका थंडगार खोलीत, दोन मोठ्या स्क्रीनसमोर.

जंगलाला वणवा लागला की आमचं छोटं विमान त्यावरून उडे आणि त्याच्या पोटाला बसवलेला कॅमेरा खालची चित्रं घेई. त्या चित्रांत काय दिसतंय ते वाचून सांगायचं, हे माझं काम. "त्यात वाचायचं काय? आग दिसतेच की," असं मला ज्यांनी ज्यांनी ऐकवलं त्यांत आमचे हे पहिले. हे कारखान्यात होते. तिथं आग लागली की भोंगा वाजतो, आणि भोंगा वाजला की आधी ठरवून दिलेल्या जागी जाऊन उभं राहायचं. ज्या आगीला भोंगा नाही आणि उभं राहायला जागा नाही, ती ह्यांच्या मते आग नव्हेच, निव्वळ अव्यवस्था.

तर आधी थोडं समजावून सांगते. आपला नेहमीचा कॅमेरा उजेड टिपतो. आमचा कॅमेरा उष्णता टिपायचा. वणव्याच्या वर धुराचा असा काही गोधडीसारखा थर असतो की साध्या फोटोत फक्त धूरच येतो; आमच्या कॅमेऱ्याला मात्र धुरातून आरपार दिसे. जे तापलेलं ते चित्रात पांढरं, जे गार ते काळं, आणि मधे करड्या रंगाच्या नाना छटा. हे ऐकायला सोपं आहे. पण दिवसभर उन्हात भाजलेला कातळ उशिरापर्यंत तव्यासारखा तापलेला राहतो आणि चित्रात आगीच्या थाटात मिरवतो. म्हणून उड्डाण पहाटे करायचं, तोवर दगड निवतात. तर पहाटे तळी पांढरी दिसतात, कारण पाणी जमिनीइतकं लवकर गार होत नाही. नवख्या माणसाला पहिल्या दिवशी हमखास तळं पेटलेलं दिसतं. आमच्या शेठनाही दिसलं होतं. कंपनी त्यांची असल्यामुळे तो दिवस आम्ही कुणी मोजत नाही.

मला चित्रावर चार गोष्टी आखायच्या असत. वणव्याची कड कुठपर्यंत आली आहे, आत कुठे जोरात पेटलं आहे, कुठे विझत आलं आहे, आणि कडेच्या बाहेर सुटे पांढरे ठिपके कुठे आहेत. ह्या चौथ्या गोष्टीत सगळी गोम असे. वाऱ्यानं ठिणगी उडाली की ती पुढे कुठेतरी पडून नवी आग सुरू करते, आणि मग आग विझवणारी माणसं दोन आगींच्या मधे सापडतात. म्हणून सुटा ठिपका दिसला की तो कशाचा हे ठरवायचंच. तयार नकाशा आग विझवणारी टोळी चहा पिऊन निघायच्या आत तिथल्या वनअधिकाऱ्याच्या मोबाईलवर पोचला पाहिजे. म्हणजे कोणाच्या चहावर आपलं लक्ष असावं लागतं, हेही ह्या धंद्यात शिकले.

आणि ठिपके तरी कशाकशाचे! वीटभट्टी, डांबराचं पिंप, कोळसा पाडणाऱ्याची भट्टी, दाटीवाटीनं बसलेल्या म्हशी. एकदा मी रजेवर असताना शेठनी उत्साहानं स्वतःच चित्र वाचलं आणि रानाच्या कडेला ओळीनं पेटलेली पाच ठिकाणं कळवली. टोळी धावत पोचली तर तिथं एका पाटलांच्या मुलीच्या लग्नाच्या स्वयंपाकाच्या चुली! पाहुणे दारात आलेत म्हटल्यावर पाटलांनी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. मोहनथाळ फार छान झाला होता, असा निरोपही आला. मी परत आले तेव्हा शेठ म्हणाले, "काही असो, आग तर होती ना?" 

होळीचा दुसरा दिवस तर दरवर्षी बघण्यासारखा असे. आमच्याकडे कॉम्प्युटर आला होता, तो चित्रातले ठिपके आपणहून हुडकून लाल करायचा. पूर्वेकडच्या आदिवासी भागात होळीचं महत्त्व दिवाळीहून जास्त, आणि गावागणिक होळी. पहाटे त्या सगळ्या होळ्यांची राख अजून धगधगत असायची. कॉम्प्युटर लाल ठिपक्यांनी अंगावर गोवर उठल्यासारखा दिसे आणि वरून बोमींचा आवाज येई, "आजे तो आखो जिल्लो सळगे छे, बेन! कोने कोने ओलवशुं?" म्हणजे, सारा जिल्हा जळतोय, कोणाकोणाला विझवायचं? मी त्या दिवशी कॉम्प्युटरला सुट्टी देऊन हातानं काम करी. ठिपका गावाच्या वेशीवर असला की ती होळी. वेशीवर नसला, की मग सावरून बसायचं.

एकदा आमच्या मराठी मंडळानं माझं व्याख्यान ठेवलं. बडोद्याच्या मराठी घरांची एक खासियत आहे. प्रत्येकाच्या पणजोबांना महाराजांनी स्वतः बोलावून आणलेलं असतं. आमच्याही पणजोबांना आणलं होतं म्हणतात. कशासाठी ते मात्र घरात कुणाला ठाऊक नाही. तर अशा सगळ्या मानकरी पणतवंडांसमोर मी तासभर वणवा आणि उष्णता समजावून सांगितली. प्रश्न विचारा म्हटल्यावर पहिल्या रांगेतले एक आजोबा उठले. "तुमच्या कॅमेऱ्यात माणसाचा राग दिसतो का हो?" मी म्हटलं, नाही. "मग निरुपयोगी आहे," असं म्हणून त्यांनी शेजारी बसलेल्या आजींकडे एक कटाक्ष टाकला आणि ते खाली बसले. आजींनी पर्समधून गोळ्यांची डबी काढून त्यांच्या हातावर एक गोळी ठेवली. व्याख्यान तिथंच संपलं.

हे सगळं मी आवडीनं सांगते, कारण नोकरीचा बराचसा भाग असाच होता. पण एक सकाळ तशी नव्हती.

चैत्र लागला होता. नर्मदेच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत वणवा पेटला होता आणि तिथले अधिकारी होते वसावासाहेब. साहेब म्हणायचं ते हुद्द्यामुळे. माणूस त्याच डोंगरातला, तिथल्याच एका पाड्यावर वाढलेला. आमची ओळख बरीच वर्षांची आणि तीही सगळी फोनवरची. त्यांना माझा नकाशा आवडे, पण तसं सरळ म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "बेन, आज तुमचं ऐकून पाय नाही भाजले," एवढंच म्हणत. मी ते प्रशस्तिपत्र समजत असे.

त्या सकाळी वणवा एका धारेच्या पलीकडून वर चढत होता. धार म्हणजे डोंगराची पाठ. धारेच्या अलीकडे एक उतार, उताराच्या तळाशी गाडरस्ता, आणि रस्त्याच्या पलीकडे एक गाव. गावातली माणसं लांबच्या शाळेत हलवली होती. वसावांचा बेत असा, की वणवा धारेवर पोचायच्या आत रस्त्यावरून आपणच उताराला आग लावायची. ती आग भराभर वर चढते, धारेपाशी वणव्याला भिडते, आणि मधलं सगळं आधीच जळून गेल्यामुळे वणव्याला पुढे खायला काही उरत नाही. आगीनं आग मारायची ही रीत जुनी आहे आणि चांगली आहे. फक्त तिची वेळ चुकता कामा नये. उशीर झाला, वणवा धार ओलांडून आला, तर रस्ता आणि गाव दोन्ही गेलं.

चित्र आलं. कॉम्प्युटरनं उतारावर लाल ठिपके लावून ठेवलेच होते, रस्त्यापासून थेट धारेच्या जवळपर्यंत. त्याचा सरळ अर्थ, ठिणग्या उडून वणवा धारेच्या अलीकडे आलासुद्धा. आता थांबू नका, लगेच पेटवा. वसावांचा फोन आला तेव्हा मागे माणसांची धावपळ ऐकू येत होती. "बेन, जल्दी बोलो. आग इकडे उतरली का?"

मी म्हटलं, "थांबा."

"किती?"

"थांबा हो!"

मला ते ठिपके पसंत पडेनात. उडालेल्या ठिणग्या वाऱ्याच्या दिशेनं पसरतात, मूठभर तांदूळ फेकावेत तशा. जवळ दाट, लांब विरळ. हे ठिपके धारेजवळ विरळ आणि रस्त्याकडे दाट होते. म्हणजे उलटं. मी चित्र मोठं केलं. प्रत्येक ठिपका गोल होता आणि मधे काळा. बांगडीसारखा. ठिणगीनं लागलेली आग अशी बांगडीसारखी नसते, ती मिळेल ते खात वेडीवाकडी जाते.

मग माझ्या लक्षात आलं. मोह!

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोहाचं झाड, गुजरातीत महुडो, चैत्रात फुलं गाळतं. मांसल, पिवळसर फुलं. पहाटे ती झाडाखाली पडतात आणि तिथल्या बायका उजाडायच्या आधी जाऊन वेचतात. वाळवून वर्षभर वापरतात. पण वाळलेल्या पाल्यात पिवळी फुलं सापडत नाहीत. म्हणून एका झाडाखालचं वेचून झालं की तिथला पाला झाडून, बुंध्यापासून लांब ओढून, गोल पेटवून द्यायचा. दुसऱ्या दिवशीची फुलं त्या काळ्या जमिनीवर उठून दिसतात. मग पुढचं झाड. हे मला सांगितलं होतं खुद्द वसावांनी. त्यांची आई जन्मभर हेच करत आली, आणि मुलगा वनअधिकारी झाल्यावर ह्या पाला जाळण्याबद्दल गावोगाव बायकांना दटावत हिंडू लागला, कारण एखादी बांगडी सुटली की तिचाच वणवा होतो.

वाळका पाला फार वेळ तापलेला राहत नाही. रस्त्याजवळच्या बांगड्या करड्या पडल्या होत्या. वरच्या त्याहून पांढऱ्या. अगदी वरची, धारेजवळची, लखलखीत पांढरी होती. म्हणजे खालून एकेक झाड करत कुणीतरी वर चाललं होतं, आणि ते आत्ता, ह्या घटकेला, त्या सगळ्यात वरच्या झाडापाशी होतं. त्यांच्या वर वणवा होता. खालून वसावा आग लावणार होते.

"पेटवू नका," मी म्हटलं. "उतारावर माणसं आहेत."

"गाव रिकामं केलंय, बेन. मी स्वतः केलंय."

"वेचायला आधीच गेलेल्या असतील."

"दिसतायत?"

इथं मी खोटं बोलले असते तर सगळं सोपं झालं असतं. पण त्या उंचीवरून माणूस म्हणजे राईचा दाणाही नाही, आणि वणव्यावर विमान आणखी खाली आणता येत नाही. "माणसं दिसत नाहीत," मी म्हटलं. "पण तुमच्या आईनं झाडला असता तसा पाला झाडलाय. बुंधा सोडून, गोल. आणि वरचा अजून गरम आहे."

 वसावांच्या मागे कुणीतरी विचारत होतं, साहेब, लावायची का?

आता हे लिहायला बसल्यावर मी शहाण्यासारखी मांडणी करतेय, पण त्या वेळी मला माझीच खात्री नव्हती. मी चुकले असते आणि ते खरोखर वणव्याचेच ठिपके असते, तर माझ्या एका शब्दापायी गावातलं घर न् घर गेलं असतं, आणि रस्त्यावरच्या टोळीचं काय झालं असतं ते मला मनात आणवत नव्हतं. वर बोमी घिरट्या घालत होते. एरवी बोलायचे थांबत नाहीत, त्या दिवशी त्यांनी फक्त विचारलं, "बेन, फरी एक वार लऊं?" पुन्हा एक फेरी? मी म्हटलं, घ्या. दुसऱ्या चित्रात वणवा धारेच्या आणखी जवळ आला होता. आणि ती वरची बांगडी आता पूर्ण मिटली होती. आधीच्या चित्रात तिला एक फट होती. पाला ओढून कुणीतरी तेवढ्यात ती फट बुजवली होती.

"वसावासाहेब," मी म्हटलं, "बाई नीटनेटकी आहे. आत्ताच काम पुरं केलं तिनं."

मग त्यांनी माणसं पाठवली. पुढचं मी फोनवर ऐकत होते. खाकीतले तीनचार रक्षक उतारावर चढले आणि ओरडू लागले, बाहेर या, बाहेर या! एकही बाई बाहेर आली नाही. येईल कशी? पाला जाळताना खाकी दिसली की दडून बसायचं, हे तिथल्या पोरीबाळींना चालायच्या आधी शिकवतात. रक्षक जितके जोरात ओरडले तितक्या त्या आत दडल्या असणार. वसावांनी त्यांना वणवा आलाय म्हणून ओरडायला सांगितलं. तरी कुणी हललं नाही. ज्वाळा अजून धारेआड होत्या, आणि धूर तर त्यांच्या पाल्याचाही होताच. वनखात्याचा माणूस आग आग म्हणून ओरडतो यात नवीन काय होतं? तो दरवर्षी तेच ओरडत आला होता.

मला आता खरोखर रडू यायला लागलं. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही तिथलेच ना? तुमच्या आईला काय ऐकून पळत घरी यावंसं वाटलं असतं?"

 मग फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला आणि वसावांचा स्वतःचा आवाज, त्यांच्या घरच्या बोलीत, साहेबी टाकून, रानभर घुमला. मला शब्द कळले नाहीत. नंतर त्यांनी सांगितलं. ते ओरडले होते, "बकऱ्या सुटल्या गं! अंगणातली फुलं खाऊन गेल्या!"

अंगणांत सगळ्यांची मोहाची फुलं वाळत पडलेली. बकरीला ती मिळाली की तिला हाकलणं कठीण. उतारावरून टोपल्या घेऊन बायका अशा काही धावत सुटल्या, की रक्षकांना बाजूला व्हावं लागलं. खाकीकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. सगळ्यांत मागून एक म्हातारी उतरली, लंगडत, शिव्या देत. ती रस्ता ओलांडून गेल्यावर वसावा फोनवर आले. "बेन, कुठून कुठपर्यंत?"

कुठून कुठपर्यंत आग लावायची ती रेघ मी काढून दिली. त्यांनी लावली. आग वर चढली आणि धारेच्या जरा खाली वणव्याला भिडली. गाव वाचलं. मी जागेवरून उठले, तोंड धुवायला गेले आणि तिथं मनसोक्त रडले. परत आले तर शेठनी सगळ्यांसाठी सेव-उसळ मागवली होती आणि बोमी उतरून आले होते. त्यांनी माझे डोळे पाहिले, पाहिले नाहीत असं दाखवलं आणि माझ्या वाटीत तर्री जरा जास्तच ओतली. "तिखट छे, बेन," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आंखमां पाणी तो आवे ज."

इथं थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. पण पावसाच्या आधी वसावांनी मला बोलावलं. तुम्ही इतकी वर्षं आमचं रान बघता, एकदा जमिनीवरून बघा, म्हणाले. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "जा. पण विझलंय ना नक्की?" मी खंडेराव मार्केटमधून टोपलीभर आंबे घेतले आणि वसावांच्या जीपमधून गेले.

ती मागे राहिलेली म्हातारी म्हणजे झीणीबेन. ती तिच्या बोलीत बोलायची, वसावा मला सांगायचे. पहिल्यांदा तिनं आंबे आत नेऊन ठेवले. मग बाहेर येऊन वसावांना झापायला सुरुवात केली. एवढा मोठा साहेब आणि म्हातारीशी खोटं बोलतो! गुडघा दुखत असताना ती पळत आली, आणि येऊन बघते तर बकरी बांधलेली, फुलं जागच्या जागी! वसावा मान खाली घालून सगळं मला शब्दशः सांगत होते, स्वतःला पडलेल्या शिव्यांसकट.

मग ती आम्हाला उतारावर घेऊन गेली. चढ मला वाटला होता त्याहून बराच उभा निघाला. चित्रात उतार सपाटच दिसतो. जमीन काळी होती आणि तिच्यात मोहाची झाडं उभी होती, बुंधे होरपळलेले, वर मात्र तांबूस कोवळी पानं आलेली. झाडं जगतील, झीणीबेन म्हणाली. फुलांचं मात्र यंदा संपलं. ती झाडं तिला सासूकडून आलेली, सासूला तिच्या सासूकडून. घरातल्या पाचजणांचं वर्षाचं त्यावर बरंच काही चाले. आता पुढच्या चैत्रापर्यंत कसं करायचं, हे ती कुणालाच उद्देशून म्हणाली नाही, नुसतं म्हणाली. कुठून कुठपर्यंत जाळायचं ती रेघ मीच काढली होती. दुसरा इलाज नव्हता हे मला माहीत आहे. तरी त्या काळ्या जमिनीवर उभी राहून ते ऐकताना मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

वसावांनी तिला सांगितलं, की विमानातून बघणारी ती हीच बाई. झीणीबेननं माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "मी दिसले का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही लावलेली आग दिसली."

"आग तर सगळीकडेच होती."

"तुमची गोल होती. बुंध्यापासून लांब. खूप नीट लावली होती."

वसावांनी हे तिला सांगितलं आणि सांगता सांगताच त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय सांगतोय. पण उशीर झाला होता. म्हातारीचा चेहरा उजळला. ती वसावांकडे वळली आणि असं काही लांबलचक बोलली, की वसावांनी त्याचं भाषांतर करायला साफ नकार दिला. मीच मागे लागले तेव्हा नाइलाजानं म्हणाले, "म्हणते, आकाशातल्या बाईला माझी आग पसंत आहे. आणि तू दरवर्षी येऊन मला दटावतोस."

मग तिनं माझं मनगट पकडलं आणि मला झाडाझाडापाशी नेऊ लागली. हे दिसलं होतं? दिसलं होतं. आणि हे? हेही. प्रत्येक झाडाला काही नाव होतं, ते ती सांगे आणि पुढे जाई. मला धाप लागली होती, पण तिला ते थांबवायला सांगणं माझ्यानं होईना. असं करत आम्ही शेवटच्या झाडापाशी आलो. इथं होते मी, ती म्हणाली, हा खोटारडा ओरडला तेव्हा. वरची दोन झाडं तेवढी झाडायची राहून गेली.

चित्रावरून ती दोन झाडं इथून हातभरच वर असावीत अशी माझी कल्पना होती. स्क्रीनवर ती जागा माझ्या नखाएवढी होती. मी मान वर करून पाहिलं. धारेपर्यंत नुसती राख होती. ती दोन झाडं नव्हतीच. होती तिथं जमिनीत दोन खड्डे होते, मुळांपर्यंत जळून गेलेले. वसावांची हाक थोडी उशिरा आली असती, तर झीणीबेन तिथं असती.

मी तिचा हात घट्ट धरला. तिला वाटलं, मला चढ सोसला नाही. तिनं पदरानं एक दगड झटकला, मला त्यावर बसवलं आणि वसावांना म्हणाली, हिला पाणी दे, शहरातली आहे, दमली बिचारी.